फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेचें व्यापारस्वातंत्र्य आणि भाकरीचा प्रश्न (इ. स. १७८९–१७९६)

(१)

राज्यक्रांत्यांचा इतिहास बहुधा सभागृहांतील भाषणें, रणांगणें व वधस्तंभ ह्यांच्या अनुरोधानें लिहिला जातो. फ्रान्सच्या राज्यक्रांतीसंबंधानेंही असेंच झालें आहे. बास्तीयचा पाडाव, राजाराणीचा वध, रॉबेस्पियेरचा उदय व अस्त हे प्रसंग आपल्याकडील सुशिक्षित वाचकांस शाळेपासून ठाऊक असतात. परंतु त्याच सहासात वर्षांत तेथील नव्या राष्ट्रीय सरकारनें व्यापारउदीम, चलन व मजुरी ह्यांची जुनी घडी मोडून नवी बसविण्याचा जो उद्योग केला, त्याची हकीकत त्या मानानें फारच थोड्यांच्या परिचयाची आहे. पुण्यास सवाई माधवराव पेशवे गादीवर होते व महादजी शिंदे उत्तर हिंदुस्थानांत वावरत होते, त्या काळीं हा उद्योग सुरू झाला. प्रस्तुत लेखांत तो कागदपत्रांच्या दृष्टीनें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

नुसते ठराव वाचून बाजार कळत नाहीं. जकातीचे कौल, ताकीदपत्रें व निरखनामे ज्यांच्या हातांखालून गेले आहेत त्यांस हें निराळें सांगावयास नको. सरकारची ताकीद काय होती हें एका कागदावरून कळतें. ती पाळली गेली कीं नाहीं हें दुसऱ्याच कोणत्या तरी वहींत सांपडतें. फ्रान्समध्यें हीं दोन्ही प्रकारचीं साधनें विपुल आहेत. सभेचे ठराव छापलेलेच आहेत. बाजारपेठेच्या गांवीं धान्याचे निरख टिपून ठेवण्याची वहिवाट तर इ. स. १५३९ च्या राजाज्ञेपासून चालत आलेली होती. ह्या वह्यांस तिकडे 'मर्क्युरियाल' म्हणतात. अर्नेस्ट लाब्रूस ह्यांचा अठराव्या शतकांतील भावांच्या चढउतारावरील इ. स. १९३३ चा ग्रंथ अशा वह्यांच्या आधारावर उभारलेला आहे. तिसरें साधन गाऱ्हाण्यांच्या वह्यांचें. इ. स. १७८९ च्या आरंभीं राजानें तिन्ही वर्गांची सभा बोलाविली, तेव्हां गांवोगांवच्या लोकांनीं आपलीं दुःखें लिहून दिलीं. अशा हजारों वह्या उपलब्ध आहेत. जाँ जोरेस ह्या मुत्सद्द्याच्या खटपटीनें इ. स. १९०३ मध्यें एक सरकारी मंडळ नेमलें गेलें व क्रांतिकालाच्या आर्थिक इतिहासाचीं साधनें छापण्याचा क्रम सुरू झाला. त्यांत ह्या वह्यांस मोठें स्थान मिळालें.

ह्या साधनांची सांगड घातली असतां जो निष्कर्ष निघतो तो आरंभींच सांगतों. नव्या सरकारनें दिलेल्या स्वातंत्र्यापैकीं जें रयतेनें स्वतः मागितलें होतें तें बहुतांशीं टिकलें. जें भाकरीच्या आड आलें तें वारंवार कोसळलें. आणि ज्यांस एकत्र जमण्याचीच बंदी झाली त्यांचें म्हणणें बाजारांतून तर गेलेंच, पण दप्तरांतूनही गेलें.

(२)

जुन्या राजवटींत फ्रान्स हें नांवाला एक राज्य होतें, पण व्यापाराच्या दृष्टीनें तो अनेक मुलखांचा समूह होता. एका प्रांतांतून दुसऱ्यांत माल नेतांना ठिकठिकाणीं जकात पडे. मिठाचा कर प्रांतागणिक निराळा होता. ब्रिटनीसारख्या करमुक्त प्रांतांत मीठ स्वस्त, तर शेजारच्या मुलखांत तेंच कित्येक पटींनीं महाग असे, आणि त्यामुळें चोरटा व्यापार हा एक धंदाच होऊन बसला होता. कराची वसुली मक्तेदारांकडे होती. शहरांतील बहुतेक हुन्नर कारागिरांच्या श्रेणींच्या ताब्यांत होते. श्रेणीच्या उस्तादांनीं परवानगी दिल्याशिवाय कोणास स्वतंत्र दुकान घालतां येत नसे. धान्याच्या व्यापारावर तर सरकारी अंमलदारांची करडी नजर असे. धान्य बाजारांतच विकावें, आधीं गोरगरिबांस मिळावें व मग व्यापाऱ्यांस, अशी सामान्य रीत होती. रीत जुलमी असो वा नसो, राजानें प्रजेस भाकरी पुरवावी ही समजूत तिच्या मुळाशीं होती.

ही घडी मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न क्रांतीपूर्वींच झाला. सोळाव्या लुईचा अर्थमंत्री तुर्गो ह्यानें ता. १३ सप्टेंबर १७७४ रोजीं राज्यांतील धान्यव्यापार मोकळा केला. त्या सालचें पीक बेताचें आलें, भाव चढले आणि इ. स. १७७५ च्या एप्रिल-मे महिन्यांत पॅरिसभोंवतालच्या मुलखांत दंगे उसळले. इतिहासांत त्यांस 'पिठाचें युद्ध' असें नांव पडलें आहे. ह्या दंग्यांत लोकांनीं गोदामें लुटलीं त्यापेक्षां अधिक वेळां एक निराळेंच केलें: धान्य ताब्यांत घेऊन आपणांस योग्य वाटेल तो भाव ठरविला व तेवढे पैसे धन्याच्या हातीं देऊन तें नेलें. चोरी करणें हा त्यांचा हेतु नव्हता. सरकारनें सोडून दिलेलें निरख ठरविण्याचें काम त्यांनीं आपल्या हातीं घेतलें होतें. पुढें इ. स. १७७६ च्या आरंभीं तुर्गोनें श्रेणी मोडल्या, परंतु त्याच वर्षीं ता. १२ मे रोजीं तो पदच्युत झाला व थोड्याच महिन्यांत श्रेणी कांहीं फेरफारानें पुन्हां उभ्या राहिल्या.

इ. स. १७८७ मध्यें धान्यव्यापार पुन्हां एकदां मोकळा झाला व १७८८ मध्यें पीक बुडतांच नेकरनें तो पुन्हां आंवळला. १७८९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पॅरिसांत चार रत्तली पावाचा भाव १४॥ सू होता. एरव्हीं तो आठनऊ सूंस मिळे. साधा मजूर त्या वेळीं दिवसास २५ ते ३० सू मिळवी. म्हणजे कुटुंबास एक पाव घेतला कीं निम्मी मजुरी संपे. बास्तीय पडण्यापूर्वीं दोनतीन दिवस पॅरिसच्या वेशीवरील जकातनाकीं जमावानें जाळलीं, ह्याचें मर्म ह्या आंकड्यांत आहे.

(३)

ता. १७ जून १७८९ रोजीं तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनीं आपणांस राष्ट्रीय सभा असें नांव घेतलें. गाऱ्हाण्यांच्या वह्या ह्याच सभेपुढें होत्या. त्या वाचल्या असतां दिसतें कीं देशांतर्गत जकाती काढाव्या व मिठाचा कर रद्द व्हावा ह्यांविषयीं फारसा मतभेद नव्हता. वजनेंमापें सर्वत्र एक असावींत ही मागणीही फार ठिकाणीं आढळते. श्रेणींविषयीं मात्र एकवाक्यता नव्हती. शहरांतील उस्ताद मंडळींस त्या हव्या होत्या. आणि धान्य मोकळें सोडा असें म्हणणाऱ्यांबरोबरच, आमच्या गांवचें धान्य बाहेर जाऊं देऊं नका असें विनविणारे लोकही पुष्कळ होते.

सभेनें हा भेद मानला नाहीं. तिच्या दृष्टीनें स्वातंत्र्य एक व अखंड होतें. ता. ४ ऑगस्टच्या रात्रीं सरंजामी हक्क व प्रांतांच्या सवलती सोडून देण्यांत आल्या. ता. २९ ऑगस्ट १७८९ रोजीं देशांतर्गत धान्यव्यापार मोकळा झाला. परदेशीं धान्य नेण्याची बंदी मात्र राहिली. ऑक्टोबरमध्यें व्याजानें पैसे देणें कायदेशीर ठरलें. मार्च १७९० मध्यें मिठाचा कर गेला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत अंतर्गत जकाती जाऊन सरहद्दीवरच एकसारखी जकात घेण्याचें ठरलें. ता. १ मे १७९१ पासून शहरांच्या वेशींवरील पट्टीही बंद झाली. सप्टेंबर १७९१ च्या शेतकीसंबंधीच्या कायद्यानें शेतकऱ्यानें आपल्या शेतांत काय पेरावें व पीक केव्हां काढावें हें त्याच्याच मर्जीवर सोपविलें. दोन वर्षांत एवढें काम करणारी दुसरी प्रतिनिधिसभा त्या काळच्या युरोपांत दाखवितां येणार नाहीं.

हिंदुस्थानाशीं ज्याचा साक्षात् संबंध आहे असा एक ठराव ह्याच मालिकेंत येतो. हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता इ. स. १७८५ मध्यें नव्यानें स्थापिलेल्या फ्रेंच कंपनीस दिलेला होता. ता. ३ एप्रिल १७९० रोजीं सभेनें तो रद्द करून केप ऑफ गुड होपपलीकडील व्यापार सर्व फ्रेंच नागरिकांस खुला केला. पांदेचरी, चंद्रनगर व माहे येथील वखारींच्या इतिहासांत ही तारीख महत्त्वाची आहे. कंपनी मक्त्यावांचून कांहीं काळ धंदा करीत राहिली, पुढें इ. स. १७९३ मध्यें ती मोडण्याचा ठराव झाला. त्या ठरावाची जी प्रत प्रसिद्धीसाठीं गेली तिचा मजकूर सभेनें मंजूर केलेल्या मजकुराहून निराळा निघाला. मोडणीचें काम सरकारनें करावयाचें तें कंपनीकडेच राहील असा फेरफार तींत केलेला होता व प्रतिनिधींस लांच मिळाल्याचें उघडकीस आलें. बनावट प्रतीवर फाब्र देग्लांतीन ह्याची सही होती. तो, दलोने, शाबो व बाझीर हे ता. ५ एप्रिल १७९४ रोजीं दांताँबरोबर वधस्तंभावर गेले. आल्बेर मात्येझ ह्यांनीं इ. स. १९२० मध्यें ह्या प्रकरणाचे कागद तपासून प्रसिद्ध केले. मूळ मसुदा, त्यांतील खाडाखोड व प्रसिद्ध प्रत हीं शेजारीं ठेवून वाचण्याची आवश्यकता ज्यांस पटत नसेल त्यांनीं हें प्रकरण अवश्य पाहावें.

(४)

श्रेणींचा निकाल मार्च १७९१ मध्यें लागला. दालार्द ह्या प्रतिनिधीच्या सूचनेवरून झालेल्या कायद्यानें श्रेणी रद्द झाल्या, आणि परवान्याचा ठराविक कर भरून कोणीही कोणताही धंदा करावा अशी मोकळीक मिळाली. वर्षानुवर्षें उमेदवारी करून दुकान घालण्याची आशा सोडून बसलेल्या कारागिरांस हें वरदान वाटलें असल्यास नवल नाहीं. पॅरिसच्या सुतारांनीं त्या वसंतांत आपला संघ स्थापून दिवसास ५० सू मजुरीची मागणी केली. उस्ताद धनी सरकाराकडे गेले. ता. १४ जून १७९१ रोजीं ल शापेलिये ह्या प्रतिनिधीनें मांडलेला कायदा मंजूर झाला. व्यक्तीचें हित व राष्ट्राचें हित ह्या दोहोंच्या मध्यें तिसरें कोणतेंही हित सभा मानीत नाहीं, हें त्याचें तत्त्व.

ह्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाकडे संशोधकांचें लक्ष वेधावेसें वाटतें. एका धंद्याच्या लोकांनीं एकत्र जमलें असतां अध्यक्ष किंवा चिटणीस नेमूं नये, ठराव करूं नयेत, आणि नोंदवह्या ठेवूं नयेत, अशी त्यांत स्पष्ट मनाई आहे. कायदा धन्यांस व मजुरांस सारखाच लागू होता. परंतु व्यापाऱ्याची खातेवही ही त्याच्या धंद्याची वही होती व तिला कोणाची आडकाठी नव्हती. मजुरांची सामाईक वही मात्र गुन्ह्याचा पुरावा ठरली. म्हणून पुढील काळांत मजुरांसंबंधानें जें सांपडतें तें बहुधा पोलिसांच्या टिपणांत, खटल्यांच्या कागदांत किंवा धन्यांच्या अर्जांत सांपडतें. इ. स. १८७१ च्या मे महिन्यांत पॅरिसच्या नगरगृहास लागलेल्या आगींत शहराचें दप्तर जळालें हें सर्वश्रुत आहे; परंतु जी वही लिहिण्यासच बंदी होती तिची हानि कोणत्याही आगीच्या यादींत येत नाहीं.

(५)

आतां भाकरीकडे वळूं. ज्या सभेनें सर्व व्यापार मोकळा केला तिनेंच जुलै १७९१ मध्यें केलेल्या नगरपोलिसांच्या कायद्यांत, पाव व मांस ह्यांचे भाव नगरपालिकांनीं तूर्त ठरवावे, असें एक कलम घातलें. इतर कोणत्याही जिनसेचा भाव ठरविण्यास त्याच कलमानें मनाई केली. म्हणजे गहूं ज्या भावानें विकेल त्या भावानें विको, त्याचा पाव मात्र ठरीव भावानें मिळावा! सिद्धांताच्या भिंतींत ही फट सभेनें स्वहस्तें ठेवली होती.

इ. स. १७९१ चें पीक कित्येक प्रांतांत हलकें आलें. पॅरिसच्या दक्षिणेस एताँप म्हणून धान्याच्या पेठेचें गांव आहे. ता. ३ मार्च १७९२ रोजीं भोंवतालच्या खेड्यांतील जमाव तेथें आला आणि गव्हाचा भाव ठरवून द्या असें त्यानें नगराध्यक्ष सिमोनो ह्यास म्हटलें. सिमोनो हा चामडें कमाविण्याचा मोठा कारखानदार होता. कायद्यानें तसें करतां येत नाहीं असें सांगून त्यानें नकार दिला. बरोबरच्या घोडेस्वारांनीं त्यास साह्य केलें नाहीं. जमावानें त्यास ठार मारलें. सभेनें सिमोनोस कायद्याचा हुतात्मा मानून ता. ३ जून रोजीं पॅरिसांत त्याच्या सन्मानार्थ मोठा उत्सव केला.

परंतु ह्या प्रसंगाचा दुसरा कागदही उपलब्ध आहे. जवळच्या मोशाँ गांवचा धर्मोपदेशक दोलिव्हिये ह्यानें आसपासच्या गांवांच्या वतीनें सभेस अर्ज केला. खुनाचें समर्थन न करितां त्यानें एवढेंच मांडलें कीं, जमिनीचें पीक हें धन्याच्या मालकीचें असलें तरी त्यावर उपाशी माणसाचाही कांहीं हक्क पोंचतो, आणि मजुरी न वाढतां धान्य वाढत गेलें तर स्वातंत्र्याचा लाभ एकाच बाजूस होतो. रॉबेस्पियेरनें हा अर्ज आपल्या पत्रांत छापला म्हणून तो सर्वांपर्यंत पोंचला. सिमोनो निर्भय होता ह्यांत संशय नाहीं. कायद्याचें वचन त्यानें प्राण देऊन पाळलें. दोलिव्हियेचा प्रश्नही खोटा नव्हता. दोन्ही कागद वाचल्यावर एकास खलपुरुष ठरवून सुटका करून घेतां येत नाहीं.

(६)

व्यापारस्वातंत्र्य फसण्यास केवळ अपुरें पीक कारण झालें असें म्हणतां येत नाहीं. इ. स. १७९२ चें पीक बऱ्यापैकीं होतें. तरीही त्या हिंवाळ्यांत धान्य बाजारांत येईना. ह्याचें कारण चलनांत आहे. डिसेंबर १७८९ मध्यें सभेनें धर्मसंस्थांच्या जप्त जमिनींच्या तारणावर 'आसिन्या' नांवाचे ४० कोटी लिव्रांचे व्याजी रोखे काढले. एप्रिल १७९० मध्यें ते चलन म्हणून चालूं लागले आणि सप्टेंबर १७९० मध्यें त्यांचें व्याज बंद होऊन मर्यादा १२० कोटींवर गेली. एप्रिल १७९२ मध्यें युद्ध सुरू झाल्यावर मर्यादेस मर्यादा राहिली नाहीं. शंभर लिव्रांच्या कागदास जानेवारी १७९२ मध्यें सुमारें ७२, जानेवारी १७९३ मध्यें सुमारें ५१ व ऑगस्टांत सुमारें २२ लिव्रांचें नाणें मिळे. असा वाढता बट्टा बसणारा कागद घेऊन शेतकऱ्यानें धान्य कां विकावें? कोठारांतलें धान्यच त्यास खरें नाणें वाटूं लागलें. सें-झ्यूस्तनें ता. २९ नोव्हेंबर १७९२ च्या आपल्या भाषणांत हेंच निदान केलें होतें. परंतु कागद छापणें थांबवावें तर फौजेचा पगार कोठून द्यावा, ह्याचें उत्तर कोणापाशींच नव्हतें.

पुढील गोष्टी तारखांवरूनच ध्यानांत येतात. ता. ८ डिसेंबर १७९२ रोजीं धान्यव्यापाराच्या स्वातंत्र्याची पुन्हां ग्वाही देण्यांत आली. ता. ४ मे १७९३ रोजीं धान्याची कमाल किंमत ठरली. ता. २९ सप्टेंबरला तो नियम जीवनावश्यक मालास सरसकट लागू झाला: मालास १७९० च्या भावावर एकतृतीयांश वाढ, मजुरीस निमपट वाढ. दंड, झडत्या व वधस्तंभाची धास्ती ह्यांच्या जोरावर आसिन्याचा भाव डिसेंबरांत सुमारें ४८ वर आला व शहरांस व फौजेस अन्न मिळालें. परंतु मजुरीची मर्यादाही त्याच कायद्यांत होती. ता. २३ जुलै १७९४ रोजीं पॅरिसांत मजुरीचे जे नवे दर लागले त्यांनीं पुष्कळांची मिळकत कमी झाली. पांच दिवसांनीं रॉबेस्पियेरचा वध झाला, तेव्हां त्याच्यासाठीं मजूरवर्ग उठला नाहीं ह्याचें एक कारण हें आहे.

ता. २४ डिसेंबर १७९४ रोजीं कमाल किंमतीचा कायदा रद्द होऊन व्यापार पुन्हां मोकळा झाला. हिंवाळा भयंकर कडाक्याचा होता व कागदाचा बट्टा भरमसाट वाढला. पॅरिसांतील पावाचा सरकारी शिधा चालू राहिला खरा, पण १७९५ च्या वसंतांत तो कित्येक दिवशीं दोनचार औंसांवर आला. ता. १ एप्रिल व ता. २० मे रोजीं लोक भाकरी मागत सभेंत घुसले; दुसऱ्या खेपेस फौज आणून त्यांचा मोड करण्यांत आला. ता. १९ फेब्रुवारी १७९६ रोजीं आसिन्या छापण्याचीं साधनें वाँदोम चौकांत जाहीरपणें नष्ट करण्यांत आलीं. तोंवर सुमारें ४५ अब्ज लिव्रांचे कागद निघाले होते.

(७)

ह्या उलथापालथींतून काय शिल्लक राहिलें? अंतर्गत जकाती गेल्या त्या गेल्याच. श्रेणी पूर्वरूपानें परत आल्या नाहींत. वजनामापांची दशमान पद्धति इ. स. १७९५ च्या कायद्यानें रुजली व पुढें जगभर गेली. पॅरिसच्या वेशीवरील पट्टी १७९८ मध्यें व मिठाचा कर १८०६ मध्यें परत आला, पण प्रांताप्रांतांतील जुना भेद कायमचा मिटला. नगरपालिकांनीं पावाचा भाव ठरविण्याचें तें 'तूर्त'चें कलम शंभर वर्षांहून अधिक काळ कायद्यांत राहिलें. आणि सर्वांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, १७९१ पासून सरकारें आलीं व गेलीं, भाव मोकळे झाले व बांधले गेले, परंतु मजुरांच्या संघांवरील बंदीस त्यांपैकीं एकानेंही हात लावला नाहीं. संप करणें इ. स. १८६४ पर्यंत गुन्हा राहिला व संघ स्थापण्याची मोकळीक १८८४ मध्यें मिळाली. ल शापेलिये स्वतः एप्रिल १७९४ मध्येंच वधस्तंभावर गेला होता. त्याचा कायदा त्याच्या मागें नव्वद वर्षें जगला.

राष्ट्रीय सभेच्या लोकांस भोंदू म्हणणें अन्यायाचें होईल. जकातनाक्यांनीं व मक्तेदारांनीं गांजलेल्या देशास त्यांनीं खरोखरच मोकळा श्वास दिला. परंतु ज्या बाजारास ते निसर्गसिद्ध समजत होते तो त्यांनींच ठरावांनीं घडविला होता, आणि विश्वासू नाणें व मजुरास घासाघीस करण्याची मोकळीक हे त्याचे दोन आधार त्यांनींच काढून घेतले. एक कागद छापून, दुसरा कागद ठेवण्यास बंदी करून. हें त्यांच्या भाषणांवरून कळत नाहीं. तें एताँपसारख्या पेठांच्या निरखवह्यांवरून, एका खेडवळ धर्मोपदेशकाच्या अर्जावरून व एका कायद्याच्या दुसऱ्या कलमावरून कळतें. आपल्याकडेही सनदा व तहनामे जितक्या आस्थेनें जपले जातात तितक्याच आस्थेनें वाण्याच्या दुकानची फाटकी खातेवही व बाजाराच्या निरखाचा सुटा कागद जपला जावा, एवढेंच ह्या निमित्तानें संग्राहकांस सुचवावयाचें आहे.